माल परत येतोय: इन्स्पेक्टर वाढवावा की आयएसओ घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा: भोसरीत सीएनसी टर्निंगचं (संगणकावर चालणाऱ्या लेथचं) युनिट आहे, २४ माणसं, दोन शिफ्ट. एका मोठ्या ग्राहकाला बुश (मधे भोक असलेले नळीसारखे सुटे भाग) जातात. गेले काही महिने जवळजवळ दर महिन्याला एखादा लॉट परत येतो आणि मागोमाग डेबिट नोट (पैसे कापल्याची चिठ्ठी). ग्राहक म्हणतो, आयएसओ ९००१ (गुणवत्ता व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक) घ्या, नाहीतर नवीन पार्ट देता येणार नाही. एक कन्सल्टंट तीन महिन्यांत सर्टिफिकेट हातात देतो म्हणतोय. वडील म्हणतात, आणखी एक इन्स्पेक्टर ठेव, बाकी काही नको. आणि तुम्ही विचारलंय की गुणवत्ता व्यवस्थापन म्हणजे नेमकं काय, आणि आमच्याएवढ्या युनिटनं सुरुवात कुठून करायची.

मी या कामात ३१ वर्षं आहे. आधी कोल्हापूरकडे फाउंड्रीत, नंतर भोसरी-चाकणच्या मशीन शॉपमध्ये. तुमच्यासारख्या बऱ्याच युनिटमध्ये उभा राहिलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात वडिलांच्या म्हणण्यापासून करू, कारण त्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे. त्यांनी धंदा एका लेथवर सुरू केला असेल. त्या काळी ऑपरेटर तेच, सेटर तेच आणि इन्स्पेक्टरही तेच. जॉब (मशीनवरचा पीस) काढला, मोजला, माप सरकलेलं दिसलं की त्याच क्षणी टूल हलवलं. त्यांचा माल चांगला जायचा, आणि त्यांना वाटतं की तो तपासणीमुळे चांगला जायचा. माझ्या मते त्याचं कारण वेगळं होतं. चूक झाल्यापासून ती करणाऱ्या हाताला कळेपर्यंत मिनिटभराचाही वेळ जात नव्हता. आज तुमच्याकडे जॉब बनतो सोमवारी पहिल्या शिफ्टला, फायनलला तपासला जातो बुधवारी, आणि ग्राहकाकडे अडकतो पुढच्या आठवड्यात. तोवर कोणतं इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं कापणारं टोक) होतं, बार कुठल्या हीटचा (वितळवलेल्या पोलादाच्या कुठल्या बॅचचा) होता, मशीनवर कोण होतं, काहीच आठवत नाही. हे अंतर कमी करत जाणं म्हणजे गुणवत्ता व्यवस्थापन. पुढे जे सांगतोय ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

शेवटी बसवलेला इन्स्पेक्टर किती पकडतो, याचा हिशोब एकदा करून पाहा. ५०० चा लॉट आहे, त्यात १ टक्का म्हणजे ५ पीस खराब आहेत. तुम्ही त्यातले ५ पीस उचलून तपासता. खराब पीस हाताला लागण्याची शक्यता साधारण ५ टक्के. म्हणजे असे वीस लॉट गेले तर त्यातला एक पकडला जाईल आणि एकोणीस ‘ओके’चा शिक्का घेऊन ग्राहकाकडे जातील. ५ ऐवजी २५ तपासले तरी चारपैकी तीन लॉट सुटतात. इन्स्पेक्टर आळशी आहे म्हणून असं होत नाही, गणितच तसं आहे. शंभर टक्के तपासणी लावली तर थकलेला डोळा काही पीस सोडणारच. शिवाय खराब पीस बनायचे थांबत नाहीत, फक्त वेगळे काढले जातात. मटेरियल, मशीनचा वेळ, वीज, सगळं त्या पीसवर आधीच खर्च झालेलं असतं.

याच्याच जोडीला आणखी एक हिशोब. तुमच्या बुशला सहा ऑपरेशन आहेत असं धरू आणि प्रत्येक ऑपरेशनला १०० पैकी ९८ जॉब चांगले निघतात. ऐकायला ९८ टक्के छान वाटतं. पण सहा वेळा ९८ टक्के म्हणजे शेवटी १०० पैकी साधारण ८९ च जॉब पहिल्या फटक्यात बरोबर निघतात. उरलेले ११ रिवर्कला जातात किंवा भंगारात. बहुतेक मालकांना हा ११ चा आकडा माहीत नसतो, कारण रिवर्क झालेला जॉब कुठेच लिहिला जात नाही. कोपऱ्यातल्या बेंचवर कुणीतरी एमरी मारून तो सरळ करतो आणि तो ‘ओके’ मालात मिसळतो.

आता एक प्रसंग सांगतो. तुमचीही अडचण कदाचित तिथेच निघेल.

एका मशीन शॉपमध्ये (नाव सांगत नाही) आम्ही २५ मिलिमीटर बोअरचा (आतल्या भोकाचा) स्टीलचा बुश बनवत होतो, एच७ टॉलरन्स (मापात चालणारी सूट). म्हणजे २५.००० ते २५.०२१, एकूण २१ मायक्रॉनची जागा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ग्राहकाकडून तक्रार यायची की गो प्लग (बोअरमध्ये जायलाच हवा असा मापाचा दट्ट्या) आत जात नाही, बोअर लहान आहे. आमच्या रिपोर्टमध्ये सगळे पीस मापात. दोन आठवडे आम्ही ग्राहकाच्या गेजवर शंका घेत राहिलो. माझीही सही त्या पत्रावर आहे, आणि ती चूक मी आजही मान्य करतो. मग एका तरुण ऑपरेटरनं सांगितलं, “साहेब, मशीनवरून काढून लगेच मोजलेला पीस जेवणानंतर मोजला तर लहान येतो.”

त्याचं बरोबर होतं. स्टील दर मीटरला, दर अंश सेल्सिअसला साधारण ११.५ मायक्रॉन फुगतं. २५ मिलिमीटरचा बोअर, आणि जॉब खोलीपेक्षा २५ अंशांनी गरम असेल, तर बोअर ७ मायक्रॉन मोठा दिसतो. २१ पैकी ७, म्हणजे एक तृतीयांश टॉलरन्स नुसत्या उष्णतेनं खाल्लं. बोअर गेज ज्या मास्टर रिंगवर (नेमक्या मापाच्या कडीवर) सेट केला ती रिंग थंड, जॉब गरम. ऑपरेटर मोजून २५.००४ लिहायचा, संध्याकाळपर्यंत तो पीस २४.९९७ झालेला असायचा. सगळे प्रामाणिकपणे काम करत होते आणि माल खराब जात होता. आम्ही मशीनशेजारी अ‍ॅल्युमिनियमची जाड प्लेट ठेवली. पीस तिच्यावर ठेवला की लवकर थंड होतो. मास्टर रिंगही तिथेच ठेवली. प्लेटवरून उचललेला पीसच मोजायचा, हा नियम केला. ती तक्रार परत आली नाही.

म्हणून तुम्हाला पहिलं सांगणं: मशीनकडे जायच्या आधी तुमच्या मापाकडे पाहा. अशा बोअरला व्हर्निअर लावणारे लोक मी पाहिलेत. साध्या व्हर्निअरचा लीस्ट काउंट (त्याला दाखवता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२ मिलिमीटर, म्हणजे २० मायक्रॉन. आणि टॉलरन्स २१. हे मोजणं झालंच नाही. साधारण नियम असा की साधनाचा लीस्ट काउंट टॉलरन्सच्या दहाव्या भागाइतका असावा, म्हणजे इथे २ मायक्रॉनच्या आसपास. मग साधन कॅलिब्रेट (प्रमाणित मापाशी ताडून) कधी झालं ते बघा. आणि तिसरं म्हणजे मोजणारा हात. दहा पीस घ्या, त्यांना नंबर द्या, दोन शिफ्टच्या दोन ऑपरेटरना एकमेकांचे आकडे न दाखवता प्रत्येकी दोनदा मोजायला लावा. आकडे शेजारी शेजारी मांडा. एकाच पीसचं माप माणसागणिक ६-७ मायक्रॉननं बदलत असेल, तर तुमचा रिजेक्शनचा आकडाही खोटा आणि ओकेचा आकडाही खोटा. ऑटोमोबाइलमध्ये याची पद्धतशीर चाचणी असते, तिला गेज आर अँड आर म्हणतात. तिथे टॉलरन्सच्या १० टक्क्यांच्या आत फरक असेल तर मापन चांगलं आणि ३० टक्क्यांच्या वर गेला तर त्या मापनावर निर्णय घेऊ नये, असं धरतात.

दुसरी जागा म्हणजे ऑफसेट, म्हणजे मशीनमध्ये टूलची जागा किंचित सरकवायचा आकडा. चांगल्या, मेहनती ऑपरेटरकडून हमखास होणारी ही चूक आहे. तो प्रत्येक पीस मोजतो. ५ मायक्रॉन जास्त आला की ऑफसेट ५ नं कमी करतो, पुढचा ४ कमी आला की ४ नं वाढवतो. वाटतं, किती लक्ष देऊन काम करतोय. पण कुठलंही मशीन सलग दोन पीस तंतोतंत सारखे देत नाही. थोडा चढउतार त्याच्या स्वभावात असतो. त्या चढउताराच्या मागे धावत प्रत्येक पीसला ऑफसेट हलवला, तर एकूण पसारा कमी व्हायच्या ऐवजी सुमारे १.४ पट होतो. याला गणिती आधार आहे. आकड्यात सांगायचं तर मशीनचा सिग्मा, म्हणजे पसाऱ्याचं माप, ३ मायक्रॉन असेल तर सगळा पसारा साधारण १८ मायक्रॉनमध्ये बसतो, २१ च्या आत. ऑफसेटशी खेळल्यावर तोच पसारा २५ च्या वर जातो आणि रिजेक्शन सुरू होतं. मशीन होतं तसंच आहे, माणूस जीव ओतून काम करतोय, आणि खराब माल त्या मेहनतीतूनच तयार होतोय. अशा माणसाला रागावलात तर तो आणखी जोरानं ऑफसेट हलवेल.

मग हात कधी लावायचा आणि कधी लावायचा नाही? नेमक्या याच प्रश्नाचं उत्तर १९२४ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतल्या वॉल्टर शूहार्ट यांनी एका छोट्या टिपणात आकृती काढून दिलं. तोच कंट्रोल चार्ट. पाच-पाच पिसांची सरासरी ठरावीक वेळानं आलेखावर मांडायची, मशीनच्या स्वभावातून येणाऱ्या वरच्या-खालच्या मर्यादा आखायच्या. बिंदू मर्यादेत इकडेतिकडे फिरत असतील तर मशीनला हात लावायचा नाही. बिंदू बाहेर गेला, किंवा सलग एकाच दिशेनं सरकत चालला, तर काहीतरी वेगळं घडलंय, तिथे थांबून शोधायचं. बोअरिंगमध्ये इन्सर्ट झिजेल तसा बोअर लहान होत जातो. ती घसरण चार्टवर डोळ्यांना दिसते, आणि इन्सर्ट किती पिसांनंतर बदलायचं ते अंदाजावर राहत नाही.

बऱ्याच जणांना माहीत नसतं, पण हे शास्त्र आपल्याकडे उशिरा आलं असं नाही. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी कोलकात्याला भारतीय सांख्यिकी संस्था १९३१ मध्ये काढली आणि १९४७-४८ मध्ये शूहार्ट स्वतः भारतात येऊन गेले. अमेरिकन गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग यांची जपानमधली प्रसिद्ध व्याख्यानं १९५० ची आहेत. म्हणजे बी आपल्याकडे जपानच्या आधी पडलं होतं. तिथे कंपन्यांचे मालक पुढच्या ओळीत बसून शिकले. आपल्याकडे ते बराच काळ आकडेतज्ज्ञांपुरतं राहिलं. मला याची खंत वाटते, कारण तुमच्या वयाच्या मुलांना आजही हे सगळं परदेशातून आलेलं सर्टिफिकेट म्हणूनच भेटतं.

आता भीतीबद्दल. माझ्या मते छोट्या युनिटमध्ये खराब मालाचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं, आणि कुठल्याही ऑडिटमध्ये ते लिहिलं जात नाही.

तुमच्या शॉपमध्ये लाल पेटी आहे का, रिजेक्ट पीस टाकायची? असेल तर दिवसअखेर तिच्यात किती पीस असतात? मी अशा जागा पाहिल्यात जिथे लाल पेटी कायम रिकामी असायची आणि भंगाराच्या ढिगाखाली, कूलंट टाकीमागे, कधी माणसाच्या डब्याच्या पिशवीत खराब जॉब सापडायचे. कारण पेटीत पडलेल्या जॉबचे पैसे पगारातून कापले जायचे. तिथे जो चूक दाखवेल त्याचं नुकसान आणि जो लपवेल त्याचा फायदा, अशी व्यवस्था मालकानं स्वतःच्या हातानं उभी केली होती. मग चूक मशीनपाशी कळणार कशी? ती ग्राहकाकडेच कळणार. पैसे कापून वर्षभरात जे वाचलं, ते एका डेबिट नोटमध्ये गेलं.

जपानी संशोधक साकिची टोयोडा यांच्या यंत्रमागाची गोष्ट इथे आठवते. धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. इचलकरंजी-सोलापूरकडच्या माणसाला याची किंमत सांगायला नको. ताण्याचा एक धागा तुटलेला असताना माग चालत राहिला तर पुढचं सगळं कापड दोष घेऊन येतं. टोयोटाच्या कारखान्यात पुढे हीच कल्पना माणसांपर्यंत नेली गेली. काही चुकलं असं वाटलं तर कामगारानं दोरी ओढायची, सुपरवायझर धावत येतो, आणि वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबते. दोरी ओढणाऱ्याला कुणी दरडावत नाही. हे शेवटचं वाक्य अमलात आणायला सगळ्यात अवघड आहे, आणि तेच करायला एक रुपयाही लागत नाही.

तुमच्या इथे याची सुरुवात अशी होऊ शकते: उद्यापासून पेटीतल्या जॉबचे पैसे कुणाचे कापायचे नाहीत, हे तुमच्या वडिलांनी स्वतः शॉप फ्लोअरवर उभं राहून सांगायचं. तुम्ही सांगून चालणार नाही, माणसं त्यांचा शब्द मानतात. मग रोज सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं पेटीभोवती उभं राहायचं. ऑपरेटर, सेटर, सुपरवायझर, तुम्ही. प्रत्येक जॉब हातात घ्यायचा, काय चुकलंय ते फळ्यावर खडूनं लिहायचं. ‘कुणी केलं’ हा प्रश्न तिथे विचारायचाच नाही. पहिल्या आठवड्यात रिजेक्शनचा आकडा वाढलेला दिसेल. घाबरू नका. जॉब तेवढेच खराब होत होते, आता ते दिसायला लागले. महिनाभरानं फळ्यावरची कारणं मोजा. बहुधा दोन-तीन कारणांतच बहुतेक जॉब सापडतील. त्यातलं एक घ्या. एकच.

त्या एका कारणाच्या मुळाशी जाताना ‘ऑपरेटरची चूक’ या उत्तरावर थांबू नका. जॉब उलटा क्लॅम्प झाला. का? दोन्ही बाजू सारख्या दिसतात. मग फिक्श्चर (जॉब धरून ठेवणारी चौकट) उलटा जॉब घेतंच कसं? तिथे एक पिन ठोका, म्हणजे उलटा जॉब बसणारच नाही. अशा व्यवस्थेला जपानीत पोका-योके म्हणतात. जपानी अभियंते शिंगो यांच्या नावाशी जोडलेलं एक उदाहरण १९६१ चं आहे. एका छोट्या स्विचमध्ये दोन स्प्रिंग बसवायच्या असायच्या आणि कामगार कधीकधी एखादी विसरायचे. ‘लक्ष देऊन काम करा’ असं सांगून काही होत नव्हतं. मग एवढंच केलं की आधी दोन स्प्रिंग एका ताटलीत काढायच्या आणि तिथूनच उचलून बसवायच्या. स्विच पूर्ण झाल्यावर ताटलीत स्प्रिंग उरली असेल तर ती लगेच दिसते. ताटलीचा खर्च तो काय! सतत सुधारणा म्हणतात ती बहुतांश अशीच असते, आणि ती सुचते त्या मशीनवर आठ तास उभ्या असलेल्या माणसाला. आपल्या देशात क्वालिटी सर्कलची (सुधारणा सुचवणाऱ्या कामगारांच्या गटांची) सुरुवात १९८० मध्ये बीएचईएलच्या हैदराबाद कारखान्यात झाली ती याच समजुतीवर. तुम्हाला सर्कल वगैरे नाव द्यायची गरज नाही. सकाळची दहा मिनिटं पुरतात, फक्त ती चुकवू नका. आणि कुणी काही सुचवलं तर आठवड्याच्या आत करून दाखवा, किंवा का जमणार नाही ते त्याला समोर बसवून सांगा. दोनदा सुचवून उत्तर मिळालं नाही की माणूस तिसऱ्यांदा बोलत नाही.

राहिलं आयएसओ. ते घ्या, पण तीन महिन्यांवालं नको. मी एका युनिटमध्ये असं मॅन्युअल वाचलंय ज्यात चौदाव्या पानावर दुसऱ्याच कंपनीचं नाव राहून गेलं होतं. ते सर्टिफिकेट भिंतीवर होतं आणि माल परत येत होता. हे मानक पहिल्यांदा १९८७ मध्ये आलं, तेव्हा कागदांवर फार भर होता. २०१५ च्या आवृत्तीत क्वालिटी मॅन्युअल असलंच पाहिजे अशी अटही राहिली नाही. ते जे विचारतं ते साधं आहे: तुमच्या कामात चुकू शकेल असं काय आहे ते तुम्ही ओळखलंय का, साधनं कॅलिब्रेट आहेत का, काम करणाऱ्याला ते येतं याची खात्री केलीत का, तक्रार आल्यावर कारण शोधून काढून टाकलंत का, आणि याची नोंद आहे का. वरची कामं सहा महिने खरोखर केलीत तर आयएसओला लागणाऱ्या निम्म्याअधिक नोंदी तुमच्या फळ्यावर आणि वहीत आधीच तयार असतील. सर्टिफिकेट देणारी संस्था निवडताना तिच्याकडे एनएबीसीबीची (अशा संस्थांना मान्यता देणाऱ्या भारतीय मंडळाची) किंवा तशाच आंतरराष्ट्रीय मान्यता असलेल्या मंडळाची मान्यता आहे का ते विचारा. नाहीतर ग्राहक तो कागद बाजूला ठेवेल. सर्टिफिकेट तीन वर्षांचं असतं आणि मध्ये दरवर्षी सर्व्हेलन्स ऑडिट (देखरेखीची तपासणी) होतं, तो खर्चही धरा.

एवढ्या छोट्या युनिटला हे झेपेल का, अशी शंका तुम्हाला येईल. हिंदुस्थानात डेमिंग पारितोषिक (जपानमधून दिलं जाणारं गुणवत्तेचं पारितोषिक) पहिल्यांदा १९९८ मध्ये सुंदरम-क्लेटनला मिळालं, २००३ मध्ये महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला, ज्याचे कारखाने आपल्या कांदिवलीत आणि नागपुरात आहेत. या मोठ्या कंपन्या आहेत, त्यांच्याकडे माणसं आणि पैसा आहे हे खरं. पण एका बाबतीत तुम्ही त्यांच्या पुढे आहात. तुमच्याकडे मालकापासून मशीनपर्यंत चालत जायला वीस पावलं लागतात. त्यांना त्या वीस पावलांसाठी अख्खी व्यवस्था उभारावी लागली.

ग्राहकाला काय सांगायचं तेही लिहून ठेवतो. पुढच्या बैठकीला सर्टिफिकेटची तारीख घेऊन जाऊ नका. शेवटचा परत आलेला लॉट घ्या आणि त्याच्याबद्दल एक पान तयार करा: काय चुकलं, ते मशीनवर का सापडलं नाही, दोन्हींची मूळ कारणं, आज काय बदललं त्याचा फोटो, आणि बदलानंतरच्या तीन लॉटची मापं. ग्राहकाकडचा क्वालिटीचा माणूस आठवड्याला असे पुष्कळ कागद बघतो, आणि बहुतेकांत ‘ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं’ एवढंच लिहिलेलं असतं. प्लेटचा किंवा पिनचा फोटो असलेलं पान त्याच्या लक्षात राहतं. आयएसओला सहा ते आठ महिने लागतील असं त्याच बैठकीत स्पष्ट सांगा.

आणि त्या दोन ऑपरेटरचं मापन या आठवड्यातच करून घ्या. आकडे आले की इथे लिहा, बोअरचा साइज आणि टॉलरन्सही लिहा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.